चिपळूणमध्ये घर: बाजारपेठेत की डोंगरउतारावर?

भाचीला चिपळूणला घर घ्यायचंय. बाजारपेठेतला फ्लॅट की उतारावरचा प्लॉट, इथे ती अडलीय.

बाजारपेठेतला धोका उघड आहे. २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदी घरांत शिरली. अतिवृष्टी, भरती, कोयनेच्या वीजप्रकल्पातून येणारं पाणी, सगळ्याचा भार एकाच नदीवर. तळमजला चिखलात जातो, पण वर चढून जीव वाचवता येतो.

दरड तेवढा वेळ देत नाही. २०२१ च्या त्याच पावसात महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गाडलं गेलं. म्हणून उतार कापून सपाट केलेला प्लॉट मला जास्त भीतीदायक वाटतो. जमिनीला भेगा किंवा झुकलेली झाडं दिसली तर नकोच.

घरात म्हातारी माणसं असतील तर दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यावा, औषधं-पाण्याचा साठा ठेवून. बाग-अंगण हवंच असेल तर प्लॉट, पण आधी भूवैज्ञानिकाकडून तपासून.