राजवाड्यामागची लवंग शेव: चवीला पाच, तेलाला तीन

शेव खुसखुशीत, लवंगेचा ठसका अस्सल इंदुरी. पण पाकीट उलटा: बारीक अक्षरांत 'पामोलिन', म्हणजे पामतेलाचाच पातळ भाग. आपल्याकडचं पामतेल बहुतेक इंडोनेशिया-मलेशियातलं. सुमात्रा-बोर्निओत त्याच्या मळ्यांपायी ओरांगउटानची जंगलं तुटली. जंगल राखून काढलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र देणाऱ्या 'आरएसपीओ' संस्थेचा शिक्का असला तरी सोबत 'मिक्स्ड' आहे का पाहा. म्हणजे प्रमाणित तेलात बिनप्रमाणित मिसळलेलं. (तेल बदलणं हाही सरधोपट उपाय नाही म्हणा: पाम हेक्टरी तीन-चार टन तेल देतं, शेंगदाणा एक टनही नाही.) सुट्या शेवेला लेबलच नसतं, विचारावंच लागतं. आदल्या दिवशी सांगितल्यास इथे शेंगदाणा तेलात काढून देतात, किमान दोन किलो. महाग पडते, आणि तळताना कढईतून उशिरा काढली तर करपट लागते. सोनेरी असेल तरच घ्या.