‘कुटलेला माल परत होत नाही’

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या उजव्या हातावर गेल्या वर्षी पाच चामखिळी आल्या. सासूबाईंनी लसूण ठेचून बांधली. शेजारच्या काकूंनी चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावायला सांगितला. दिरांनी गावाहून रुईचा चीक आणला. सगळ्यात मोठीला घोड्याचा केसही बांधून झाला. नखाच्या कडेच्या दोघींना तेवढा हात लावला नाही, तिथं तिला फार दुखायचं. दोन महिन्यांत पाचाच्या सात झाल्या.

अशा वेळी नाशिकला सीबीएसवर आम्ही बसची वाट पाहत होतो. शेजारी बसलेल्या बाईंनी मुलीचा हात पाहिला आणि म्हणाल्या, “अगं बाई, माझ्या लेकीला अगदी अश्शाच होत्या. आठ दिवसांत गळून पडल्या.” त्यांनी काही विकलं नाही, पैसेही मागितले नाहीत. जुन्या गावातल्या एका काष्ठौषधींच्या दुकानाचा पत्ता दिला, चिठ्ठीवर चार मुळ्यांची नावं लिहून दिली. मला त्या देवासारख्या वाटल्या. त्या दुकानाच्याच होत्या हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुम्हाला असं कुणी भेटलं तर हीच खूण लक्षात ठेवा: ओळख ना पाळख, आणि आजाराचं अचूक औषध व दुकानाचा पत्ता एकाच दमात.

दुकानदारानं चिठ्ठी पाहिली आणि भाव सांगितला, “ऐंशी रुपये.” कशाचे ऐंशी, ते मी विचारलं नाही. शंभर ग्रॅमचे असतील असं धरून चालले. त्यानं भराभर मुळ्या तोलल्या, खलात टाकल्या, पोऱ्यानं लगेच कुटायला घेतल्या. भुकटी झाल्यावर हिशेब आला. भाव तोळ्याचा होता. पन्नास तोळे, म्हणजे चार हजार. वर तेलाची बाटली बाराशेची. मी नको म्हटलं तर आवाज चढला: “ताई, कुटलेला माल परत होत नाही. आता हा मी कुणाला विकू?” दोन गिऱ्हाईकं माझ्याकडे बघत उभी. (तीही त्याचीच असावीत असं आता वाटतं.) रोख दोन हजार दिले, उरलेले फोनवरून. फोनवर नाव तिसऱ्याच माणसाचं आलं. पावती नाही, बाटलीवर लेबल नाही, परवाना क्रमांक नाही.

तेल लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीचा हात मनगटापर्यंत सुजला, फोड आले, पाणी सुटलं. सासूबाईंनी काळपट तेल पाहिलं आणि म्हणाल्या, “हा तर बिब्बा उतलाय.” पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरायचे तोच बिब्बा. कातडी जाळतो, आणि ज्याला सोसत नाही त्याच्या अंगभर पुरळ उठवतो.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी फोडांवर उपचार केले, मग मला समजावलं. चामखीळ एका विषाणूमुळे होते, त्याचं नाव एचपीव्ही. तिला मूळ नसतं. आत काळे ठिपके दिसतात त्या गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात. खरवडलं, कापलं, चिकानं जाळलं की विषाणू शेजारच्या कातडीत जातो. आमच्या सात अशाच झाल्या असाव्यात. मुलांमध्ये बऱ्याच चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. त्या सुमारास जे लावलेलं असेल त्याला यश मिळतं, मग ते लसूण असो की घोड्याचा केस. नको असतील तर सॅलिसिलिक ॲसिडचं औषध दोन-तीन महिने नेटानं लावायचं, किंवा द्रव नायट्रोजननं गोठवून घ्यायच्या. चेहऱ्यावर आणि गुप्तांगावर मात्र घरी काहीही लावायचं नाही. मधुमेह असलेल्यांनी पायाला तर मुळीच नाही, कारण तिथली जखम लवकर भरत नाही.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर मी तक्रार केली. पहिला प्रश्न आला, पावती आहे का? हातात होता तो फक्त फोनवरचा व्यवहार, तोही परक्या नावाचा. म्हणून सांगते, तोलण्याआधी भाव ग्रॅमचा की किलोचा ते मोठ्यानं विचारा, आणि पक्की पावती मिळणार नसेल तर कुटायला हात लावू देऊ नका. पोऱ्यानं खल हातात घेतला की त्याच क्षणी थांबवा.

मुलीच्या हातावर बिब्ब्याचा पांढरट डाग अजून आहे. नखाजवळच्या दोन चामखिळी, ज्यांना आम्ही काहीच लावलं नव्हतं, त्या दिवाळीच्या सुट्टीत कधीतरी निघून गेल्या.