रोध मीटरने मोजावा की गणिताने काढावा?

रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, कळायला दोन वाटा आहेत. मल्टीमीटर ओहमवर (रोधाच्या एककावर) लावून थेट मोजायचा, नाहीतर वस्तू चालू असताना व्होल्टेज आणि प्रवाह मोजून व्होल्टेजला प्रवाहाने भागायचं. साध्या कार्बन रोधकाला दोन्हीकडून जवळपास सारखंच उत्तर येतं. तिथे मीटरच सोयीचा.

खरी गंमत तारेच्या बल्बमध्ये आहे. २३० व्होल्टचा, १०० वॅटचा बल्ब थंड असताना मोजा: ४० ओहमच्या आसपास. यावरून शक्ती काढली, म्हणजे २३० चा वर्ग भागिले ४०, तर ती १३०० वॅटच्या वर जाते! तोच बल्ब पेटवला की प्रवाह भरतो साधारण ०.४३५ अँपिअर. भागाकार केला की रोध ५२९ ओहम, गुणाकार केला की शक्ती १०० वॅट. मीटर चुकलेला नसतो. टंगस्टनची तार सुमारे २५०० अंश सेल्सिअसला तापली की तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. (बल्ब बहुतेकदा बटण दाबतानाच का उडतात, तेही यात आलं: थंड तारेचा रोध कमी, म्हणून त्या क्षणी प्रवाह खूप जास्त.)

शक्ती हवी असेल तर मी दुसरी वाट, म्हणजे चालू असताना व्होल्टेज आणि प्रवाह मोजण्याची, धरेन. तार तुटली आहे का, एवढंच बघायचं असेल तर मीटर पुरे, पण पुरवठा पूर्ण बंद करूनच.