घोस्ट की स्वतःचं एक्सप्रेस: ब्लॉग कशावर चालवायचा?

घोस्ट म्हणजे ब्लॉगचं तयार सॉफ्टवेअर, एक्सप्रेस म्हणजे साइटचा कोड स्वतः लिहायची फ्रेमवर्क. दोन्ही नोडवरच (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) चालतात पण आपल्या वाट्याला येणारं काम फार वेगळं. घोस्ट 2013 पासून आहे, ओपन सोर्स आहे, उबंटूवर त्याची इन्स्टॉल कमांड चालवली की एनजिनएक्स (वेब सर्व्हर), एसएसएल (https साठी), सिस्टमडी (लिनक्सवर प्रोग्राम चालू ठेवणारी यंत्रणा) सगळं तोच लावून देतो, एडिटरही मस्त. फक्त त्याला मायएसक्यूएल 8 हा डेटाबेस लागतो आणि किमान 1 जीबी रॅम, त्यामुळे एकदम स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेतला असेल तर तो धापा टाकतो.

एक्सप्रेसमध्ये सगळं आपल्या हातात. माझ्याकडे चार राउट (साइटवरचे पत्ते), मार्कडाउनच्या (साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुराच्या) फायली आणि एसक्यूलाइट डेटाबेसची एक फाइल एवढंच आहे, बॅकअप म्हणजे अ‍ॅप थांबवून ती फाइल आणि मार्कडाउनचं फोल्डर कॉपी करायचं, झालं. पण पहिल्या रात्री मी अ‍ॅप नुसतं टर्मिनलमधून चालू करून लॅपटॉप मिटला आणि सकाळी बघतो तर साइटवर 502 एरर (मागचं अ‍ॅप उत्तर देत नाही), कारण एसएसएच (सर्व्हरशी टर्मिनलमधून केलेलं कनेक्शन) तुटल्यावर प्रोसेसही गेली होती, मग सिस्टमडीची सर्व्हिस फाइल लिहिली, त्यात रीस्टार्ट ऑलवेज (बंद पडलं की पुन्हा चालू कर) टाकलं तेव्हा कुठे साइट टिकली.

फक्त लिहायचंय तर घोस्टच घ्या. नोड नीट शिकायचंय तर एक्सप्रेस, पण लॉगिन स्वतः लिहिणार असाल तर पासवर्ड बीक्रिप्टने हॅश केल्याशिवाय (म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात साठवल्याशिवाय) लाइव्ह जाऊ नका.