स्वेलडेलमधलं दगडी कॉटेज: हिवाळ्यापासून गवतकापणीपर्यंतचा अनुभव

आधी निकाल. नॉर्थ यॉर्कशरमधल्या वरच्या स्वेलडेलमध्ये, म्हणजे म्युकर, थ्वेट, केल्ड या पट्ट्यात, दगडी कॉटेज लांब मुदतीने भाड्याने घ्यायला हरकत नाही. पण ऊब, पाणी, सांडपाणी आणि फोन या गोष्टी शहरात जशा परस्पर चालतात तशा इथे चालत नाहीत. त्यांच्याकडे घरातल्यांनाच लक्ष द्यावं लागतं. घरून काम करता येतंय म्हणून लीड्स-मँचेस्टरचा फ्लॅट सोडून इकडे यायचा विचार असेल, तर पुढचं नीट वाचा. फोटोत हे काहीच दिसत नाही.

गॅसची पाइपलाइन या खोऱ्यात नाही. बॉयलर चालतो हीटिंग ऑइलवर, म्हणजे साध्या भाषेत रॉकेलवर. घरामागे हजार ते अडीच हजार लिटरची टाकी असते आणि टँकरवाले साधारण ५०० लिटरच्या खाली ऑर्डर घेत नाहीत. एका लिटरमागे ढोबळमानाने १० युनिट उष्णता धरा. दोन बेडरूमच्या घरात कडक थंडीत दिवसाला सहा-सात लिटर सहज जातात. टाकी पाव उरली की ऑर्डर द्यायची, रिकामी होण्याची वाट बघायची नाही. तळाशी साचलेला गाळ आणि पाणी बॉयलरकडे ओढलं गेलं की फिल्टर तुंबतो, नळीत हवा भरते, आणि मग नुसतं तेल भरून बॉयलर सुरू होत नाही. माणूस बोलावून हवा काढून घ्यावी लागते. हा खर्च भाडेकरूच्या माथी मारला जातो आणि करारात तसं लिहिलेलंही असतं.

ऑफजेमने, म्हणजे वीज-गॅसच्या सरकारी नियामकाने, ठरवलेली दराची कमाल मर्यादा तेलाला लागू नाही. थंडीची लाट आली की भाव चढतो आणि टँकरची तारीखही लांबते. गावातली काही घरं मिळून एकत्र ऑर्डर देतात. असा गट आहे का हे पहिल्याच आठवड्यात शेजारी विचारा, लिटरमागे थोडे पेन्स वाचतात. टँकर वळायला जागा आहे का, पाइप टाकीपर्यंत पोहोचतो का, हेही ऑर्डर देतानाच सांगायचं.

बॉयलर नव्या पद्धतीचा असेल तर त्यातून पाणी बाहेर सोडणारी एक बारीक प्लास्टिकची नळी भिंतीबाहेर येते. पारा शून्याखाली गेला की ती गोठते आणि बॉयलर गुरगुरून बंद पडतो. नळीवर कोमट पाणी ओता, उकळतं नको. मग रीसेटचं बटण दाबा. एक-दोनदा दाबून चालला नाही तर थांबा. पुन्हापुन्हा दाबलं तर आत न जळलेलं तेल साचत राहतं.

बैठकीच्या खोलीतला स्टोव्ह ही चैन नाही, गरज आहे. वीज गेली की बॉयलरही जातो, मग हाच उरतो. पाच किलोवॅटचा स्टोव्ह एका खोलीला पुरतो, जिन्याचं दार उघडं ठेवलं तर वरच्या मजल्यालाही थोडी धग मिळते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली हवी. शे-दीडशे रुपयांच्या भाजीची पारख करणारा माणूस इथे लाकूड न बघताच घेतो. ओलमापक स्वस्तात मिळतो, ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचून बघायचा, बाहेरच्या सालीला नाही. घरात जाळायला पारंपरिक दगडी कोळसा विकण्यावर इंग्लंडमध्ये बंदी आहे: पिशव्यांवर मे २०२१ पासून, सुट्यावर मे २०२३ पासून. आता मिळतात ते धूर न करणारे कोळशाचे गोळे. लाकूड राखेच्या थरावर चांगलं जळतं, गोळ्यांना खालून हवा लागते. त्यामुळे गोळे लावताना जाळीखालची राख रोज काढा, लाकूड जाळताना थोडी राहू द्या.

रात्री हवेची झडप पूर्ण बंद करून लाकूड धुमसत ठेवायची सवय बऱ्याच जणांना लागते. सकाळी काच काळी झालेली दिसते. तेच डांबर वर धुराड्यातही बसलेलं असतं आणि पुढे धुराड्याला आग लागते ती यातूनच. काच स्वच्छ करायला ओला वर्तमानपत्राचा बोळा राखेत बुडवून फिरवा, बाजारातला स्प्रे लागत नाही. धुराडं वर्षातून किमान एकदा झाडून घ्यायचं आणि त्याचा दाखला घरमालकाकडून मागायचा. स्टोव्हच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणं भाड्याच्या घरात घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे. महिन्यातून एकदा बटण दाबून बघत जा.

यापेक्षाही जास्त डोकं खाते ती ओल. या भिंती दोन फुटांच्या आसपास जाड, चुन्यात बांधलेल्या. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. मधल्या काळात कुणी सांधे सिमेंटने भरले असतील तर ओल आतच अडकते, आणि उत्तरेच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे काळी बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. कपडे रेडिएटरवर वाळवू नका, एका खोलीत दोरी बांधून, दार लावून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, चालवा. आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत राहिली तर बुरशी थांबते. आणि हीटिंग दिवसभर बंद, संध्याकाळी धडाक्यात सुरू, असं करू नका. एवढा दगड तापायला तास जातात, तोवर गरम हवेतलं पाणी गार भिंतीवर दवासारखं जमतं. कमी तापमानावर जास्त वेळ चालवलेलं बरं.

या सगळ्यात एक फार कामाची जागा सापडते: गरम पाण्याच्या तांब्याच्या सिलिंडरभोवतीचं कपाट. चादरी-टॉवेल उबदार राहावेत म्हणून इंग्रज माणसाने केलेली सोय, पण विरजण आणि इडलीचं पीठ यासाठी याहून चांगली जागा इंग्लंडमध्ये नाही. स्वयंपाकघरात जानेवारीत दही लागतच नाही. इथे सिलिंडरजवळच्या फळीवर ठेवलं तर रात्रीत कवडी पडते. पिठाचं भांडं मात्र निम्मंच भरा आणि खाली ताट ठेवा. उतू गेलेलं पीठ सिलिंडरच्या फोमवर वाळलं की निघता निघत नाही.

शेगडी बहुतेक घरांत ४७ किलोच्या प्रोपेन सिलिंडरवर चालते. दोन सिलिंडर आणि मध्ये बदलायचा व्हॉल्व्ह असेल तर उत्तम. शेडमध्ये कुणी ठेवलेला निळा ब्युटेनचा सिलिंडर थंडीत भरवशाचा नाही, शून्य अंशाच्या आसपास त्याचा वायूच होत नाही. नुसतं इंडक्शन असलेलं घर टाळा. २६ नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात उत्तर इंग्लंडमधल्या काही घरांना आठवड्याहून जास्त काळ वीज नव्हती. वीज गेली की १०५ नंबर फिरवायचा, फुकट आहे. पण फिरवायचा कशावरून? लँडलाइन आता इंटरनेटवर चालते, राउटर बंद म्हणजे फोन बंद. मोबाइलची रेंज बऱ्याच घरांत नाहीच, एरवीचे कॉल वाय-फायवरून होतात. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप घ्या आणि गावात रेंज नेमकी कुठल्या वळणावर येते ते दिवसाउजेडी शोधून ठेवा.

गावाबाहेरच्या घरांना पाणी झऱ्याचं असतं: आधी गाळायचे फिल्टर, मग जंतू मारणारा अतिनील दिवा. दिवा वर्षाला बदलायचा, वीज गेली की तो बंद, तेव्हा पाणी उकळूनच प्या. पाण्याच्या तपासणीचा अहवाल करार करण्याआधी मागा. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं, तो साधारण वर्षाकाठी उपसावा लागतो. ओले वाइप्स, ब्लीचचा मारा आणि तेल हे त्याचे शत्रू. तळणीचं तेल, तुपाचे हात, फोडणीची कढई आधी कागदाने पुसा, मग सिंकमध्ये. मराठी घरात हा नियम पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर दिवाळीच्या फराळानंतर टाकीवाल्याला बोलवावं लागेल.

खरेदीबद्दल थोडक्यात. भाजी, दूध, औषधं यांसाठी बटरटब्स घाट ओलांडून हॉज किंवा खोऱ्याच्या तोंडाशी रिचमंड. तूरडाळ, पोहे, कोकम यांसाठी मिडल्सबरो किंवा ब्रॅडफर्ड, महिन्या-दोन महिन्यांचं एकदम भरायचं. बटरटब्स ५२६ मीटरवर आहे, बर्फात तो बंद धरूनच चाला. लिटल व्हाइट बस ही सामुदायिक सेवा केल्ड ते रिचमंड चालते, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या, तेव्हा गाडीशिवाय राहणं अवघड. एकपदरी रस्त्यावर समोरून गाडी आली की ज्याच्या मागे रुंद जागा जवळ, त्याने मागे घ्यायची. ट्रॅक्टर असेल तर वाद न घालता आपणच.

आता ज्यासाठी लोक येतात ते. म्युकरची गवताची कुरणं जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत बघावीत: जांभळी वूड क्रेन्सबिल, पिवळी बटरकप, आणि त्यांच्यात यलो रॅटल. ही शेवटची वनस्पती गवताच्या मुळांतून रस ओढते, गवत दबतं आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. मे महिन्यात गुरं-मेंढ्या बाहेर काढून कुरण बंद करतात, फुलांचं बी पडल्यावर जुलैत गवत कापतात. रासायनिक खत घातलं तर दोन-चार वर्षांत नुसतं उंच गवत उरतं. ब्रिटनमधली ९७ टक्के फुलांची कुरणं १९३० नंतर गेली असं सांगतात, आणि इथे उभं राहिलं की जे गेलं ते काय होतं हे कळतं. कुरणातून फरसबंद पायवाट जाते, तिच्यावरून एकामागे एक चालायचं. फोटोसाठी गवतात पाऊल टाकलं तर तुडवलेलं गवत यंत्राने कापता येत नाही, आणि ते गवत म्हणजे कुणाच्या तरी गुरांचा हिवाळा आहे.

जवळजवळ प्रत्येक कुरणात दिसणारी दगडी कोठारं शोभेची नाहीत. त्याच कुरणाचं गवत माळ्यावर, खाली चार-पाच गुरं हिवाळाभर बांधलेली, आणि त्यांचं शेण पुन्हा त्याच जमिनीत, असा हिशेब होता. सगळं गवत गावात वाहून न्यायचे कष्ट वाचायचे. कुंपणाच्या भिंती चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या: बाहेरून दोन पापुद्रे, पोटात बारीक दगडांची भर, मध्ये दोन्ही बाजू जोडणारे लांब दगड आणि माथ्यावर उभे दगड. भर खाली बसली की भिंतीला पोट सुटतं आणि एका ओल्या रात्री ती ढासळते. माणसं चढून गेली तर फार लवकर. म्हणून फटीतून किंवा पायरीच्या दगडांवरूनच जा. गेट उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा.

फिरण्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल३० हा १:२५,००० चा कागदी नकाशा घ्या. त्यात हिरव्या तुटक रेघा म्हणजे पायवाटेचा हक्क. रेघ आहे म्हणून वाट सोपी असेलच असं नाही: स्विनर गिलच्या घळीत रेघ सरळ दिसते, प्रत्यक्षात ओला दगड आणि खाली दरी. कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या माळावर दोन मीटरच्या आखूड पट्ट्यावर. वासरं असलेल्या गाई अंगावर आल्या तर मात्र पट्टा सोडून द्या, कुत्रा पळतो, तुम्ही वाचता. ब्रॅकनमधून, म्हणजे उंच नेच्याच्या झुडपांतून, आल्यावर घोटे आणि गुडघ्यामागे गोचीड बघा, आणि ते काढायचा छोटा हूक खिशात ठेवा.

गावात मिसळायला पब पुरेसा नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या म्युकर शोमध्ये काळ्या तोंडाच्या, राखाडी नाकाच्या स्वेलडेल मेंढ्यांच्या स्पर्धा असतात आणि १८९७ पासूनचा गावाचा सिल्व्हर बँड वाजतो. खुर्च्या मांडायला हात लावलात तर हिवाळ्यात रस्ता कधी उघडला हे तुम्हाला आपोआप कळवलं जातं. मात्र बरीच घरं सुट्टीपुरती आहेत, नोव्हेंबरात संध्याकाळी कित्येक खिडक्या काळ्या असतात, आणि डिसेंबरअखेर पावणेचारलाच सूर्यास्त होतो. टेकडीच्या सावलीत ऊन त्याहून लवकर जातं. ज्यांना संध्याकाळी चार माणसं लागतात त्यांनी याचा आधी विचार करावा.

घर बघायला जूनमध्ये जाऊ नका. जानेवारीत, पाऊस चालू असताना जा. उत्तरेचं कपाट पुढे ओढून मागे हात फिरवा, तेलटाकीचा काटा वाचा, मागच्या हिवाळ्यातली तेलाची बिलं मागा, आणि फोन विमान मोडवरून काढून प्रत्येक खोलीत रेंज बघा.