जीआय पत्र्याचा कोअर बॉक्स (१ मीटर, ५ कप्पे) – पावसाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

बोअरिंगची कामं करणाऱ्यांसाठी आणि जिओलॉजीच्या मुलांसाठी लिहितोय. कोअर म्हणजे बोअर मारताना खालून निघालेला खडकाचा दंडगोल, आणि तो क्रमाने ठेवायची पेटी म्हणजे कोअर बॉक्स. साइटवर अजूनही पॅकिंगच्या लाकडाच्या पेट्या येतात, इगतपुरीकडचा एक पाऊस खाल्ला की तळ सुटतो, उरलेलं वाळवी बघते, आणि एकदा तुकडे मागेपुढे झाले की तो कोअर म्हणजे नुसती खडी.

आम्ही अंबड एमआयडीसीत एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याचे बॉक्स करून घेतले. एनएक्स (बोअरिंगचं एक ठरलेलं माप) कोअर ५४.७ मिमी व्यासाचा, म्हणून कप्पा आतून ६० मिमी ठेवायला सांगितला आणि खरा फायदा त्याचाच झाला. कप्पा रुंद असला की टेम्पोत तुकडे गोल फिरतात, आपटून तुटतात, मग नंतर लॉग करणाऱ्याला, म्हणजे कोअर बघून नोंदी करणाऱ्याला, कळतच नाही की ही भेग खडकातली आहे का वाटेत पडलेली. आरक्यूडी (खडक किती अखंड आहे त्याची टक्केवारी) काढताना १० सेमीच्या आतले तुकडे धरत नाहीत, म्हणजे १६ सेमीचा तुकडा वाटेत मधोमध तुटला आणि ते ओळखू आलं नाही तर दोन्ही अर्धे बाद, चांगला खडक कागदावर कमजोर!

लांबी १ मीटरच घ्या. पाच कप्पे मिळून ५ मीटर कोअर बसतो, तेवढ्या बेसॉल्टचंच वजन ३० किलोच्या वर जातं, दोन माणसं आरामात उचलतात. दीड मीटरवाला भरला तर ५० च्या आसपास, रॅकवर चढवताना हाल होतात.

आता कमी काय ते. तळाला भोकं नव्हती, ओला कोअर ठेवला की पाणी साचायचं आणि आपल्याकडचा तो लाल बोल, दोन फ्लोंच्या (लाव्हाच्या थरांच्या) मधला मातकट थर, त्याचा चिखल व्हायचा. भोकं पाडून घेतली, बोल आता क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळूनच ठेवतो. झाकण सुटं आहे, त्यामुळे नंबर फक्त झाकणावर लिहू नका, अदलाबदल होते. बॉक्सच्या अंगावर पंच करून घ्या, ऑइल पेंट उडतो. कडा पण घासून घ्यायला सांगा, हात कापतो.

फोटो मात्र काढल्या दिवशीच घ्या, कोअर ओला करून, शेजारी टेप ठेवून. झिओलाइटवाला (पोकळ्यांत ते खनिज भरलेला) फुगेरी, म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला, बेसॉल्ट कधीकधी वाळल्यावर तडकतो, मग बॉक्स कितीही भारी असू दे. डावीकडून उजवीकडे क्रमाने लावलेलं असेल आणि प्रत्येक रनच्या (एका खेपेला काढलेल्या कोअरच्या) शेवटी खोलीचा ठोकळा असेल तर वरचा फुगेरी भाग, खालचा घट्ट दगड, मग बोल, मग पुढचा फ्लो, सगळं झाकण उघडल्या उघडल्या दिसतं. शेजारच्या बोअरशी जुळवायला हेच लागतं ना.

लाकडापेक्षा महाग आहे, तरी मी परत हेच घेईन. कोअर ठेवण्याचं आयएस ४०७८ हे स्टँडर्ड आहे, ऑर्डर देण्याआधी वाचा आणि जाताना कोअरचा एक तुकडा सोबत न्या, आमच्या माणसाने पहिला कप्पा त्यावरच बसवून बघितला.