इंजिन-बॉडीची अर्थ पट्टी बदलली: उन्हाळा, पावसाळा, थंडी काढल्यानंतरचा अनुभव

गाडी १५ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मुक्काम रत्नागिरी, उभी राहते उघड्यावर. मागच्या उन्हाळ्यात तिचं अर्थिंग (करंट परत नेणारी इंजिन-बॉडीची जोडणी) नव्यानं केलं. इथल्या खाऱ्या हवेत अख्खा पावसाळा काढल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

तक्रार अशी की सेल्फ मारला की इंजिन जड फिरायचं. हेडलाइट आणि एसीचा पंखा एकदम लावला की लाइट मंदावायचे आणि तापमानाचा काटा किंचित वर सरकायचा. इंजिन मात्र तापलेलं नसायचं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, बॅटरी बदला. पण रात्रभर उभी राहिल्यावरही बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती.

काट्याच्या त्या सरकण्यावरूनच अर्थिंगचा संशय आला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं आणि रबरातून वीज जात नाही. आमच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला आहे आणि बॉडी ते इंजिन एकच पट्टी. सेल्फचा शंभर-दीडशे अँपियर करंट परत येतो तो या पट्टीतूनच. लाइट, पंख्याचा करंटही अल्टरनेटरकडे (इंजिनवरच्या वीज बनवणाऱ्या जनित्राकडे) याच वाटेनं जातो. पट्टी कुजली की तो दुसरी वाट शोधतो, आणि ती कधी क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून जाते. तार तापते ती त्यामुळे.

खरी परीक्षा मल्टिमीटरची. डीसी २० व्होल्टची रेंज लावायची, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा म्हणजे इंजिन चालू होत नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं बॉडीवर: ०.१ व्होल्ट. मग बॉडी ते इंजिन: दीड व्होल्ट! तिथे ०.२ च्या वर जायला नको. ओहमच्या रेंजवर हे कळत नाही. पट्टीत दोन-चार तारा जिवंत असल्या तरी मीटरच्या इवल्याशा करंटला त्या पुरतात आणि आकडा शून्याजवळ येतो.

पट्टी काढली तर बॉडीकडच्या टोकाला हिरवी बुरशी चढलेली, निम्म्या तारा तुटलेल्या. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडायची, जोडताना ती शेवटी जोडायची. नवी तार २५ चौरस मिलिमीटर तांब्याची घेतली, कलई केलेले लग (तारेच्या टोकाला बसवायच्या, बोल्टसाठी भोक असलेल्या टोप्या) हायड्रॉलिक मशिनवर दाबून घेतले. हातोडीनं ठोकलेला लग मी कुणालाच सुचवणार नाही. आत पोकळी राहते आणि ओल तिथेच शिरते. लगखालचा रंग काच पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढला, दातेरी वायसर घातला, बोल्ट आवळला आणि मग वरून व्हॅसलीन फासलं.

जाडीबद्दल लोक फार वाद घालतात. एवढ्या जाडीच्या अर्ध्या मीटर तारेत १५० अँपियरला जेमतेम ०.०५ व्होल्ट जातात. खरं नुकसान सांध्यात असतं. रंगावर आवळलेली जाड तार काही कामाची नाही.

बॉडी ते इंजिन दीडचे ०.०७ व्होल्ट झाले. सेल्फ आता झटक्यात फिरतो, काटा जागचा हलत नाही, बॅटरी तीच जुनी आहे. मायलेजमध्ये मात्र काडीचाही फरक नाही. रंगीत तारांची ‘ग्राउंडिंग किट’ पिकअप आणि मायलेजच्या नावानं विकली जातात; मूळ अर्थिंग धड असेल तर त्यांनी काही होत नाही. पैसे वाचवा.

पावसाळ्यानंतर पुन्हा मोजलं तेव्हा ०.०९ आले. लगभोवती जेवढा रंग खरवडला होता तेवढ्यात गंजाची बारीक कड दिसू लागली होती. ती घासून, लग आवळलेलाच ठेवून, भोवती प्राइमर मारला. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

नव्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे. अनेकांत निगेटिव्ह टर्मिनलवरच करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. जादा अर्थ वायर थेट खुंटीवर जोडली तर तिच्यातला करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. अशा गाडीत वायर सेन्सरच्या पलीकडे, बॉडीवरच्या अर्थ बोल्टवरून घ्या.